साखर बंद, गूळ चालू

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर तक्रार नको. मी साखरेचा डबा आहे. वयानं जुना, अंगानं स्टीलचा, एका बाजूला पोचा आलेला. आणि माझ्यासमोर गुळाचं नाव काढलेलं मला खपत नाही. सांगता सांगता मध्येच माझा पारा चढला तर समजून घ्या. आपली जागा दुसऱ्यानं बळकावली की पोटात काय होतं, ते ज्याचं त्यालाच कळतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. मला आठवतं ते मानवतच्या भांड्यांच्या दुकानापासून. सुलाबाईचे मामा तिच्या लग्नासाठी भांडी घ्यायला आले होते. त्यांनी आधी एक पितळी पातेलं उचललं, खाली ठेवलं, मग माझ्याकडं बघितलं. दुकानदारानं मला बोटानं वाजवून दाखवलं. मामांनी मान हलवली आणि नाव घालायला सांगितलं. दुकानातला माणूस टोकदार हत्यार घेऊन माझ्या पोटावर ठकठक करत बसला. लय दुखलं मित्रांनो, पण अक्षरं उमटली: 'आयु. सुला हिस मामाकडून मंगल भेट.' माझ्या अंगावर नाव आहे. गुळाच्या बरणीवर कुणाचंही नाव नाही, एवढं ध्यानात ठेवा.

सुलाबाईबरोबर मी ताडकळसला आलो. घर साधंच होतं, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. स्वयंपाकघरात भांड्यांचा मान कशावर ठरतो, ठाऊक आहे का? हात किती जवळ पोचतो त्यावर. पाहुण्यांची ताटं वरच्या फळीवर धूळ खात बसतात. रोजची माणसं चुलीशेजारी. मला चुलीशेजारची फळी मिळाली, अगदी सुलाबाईच्या उजव्या हाताशी. न बघता हात लांबवला की मीच सापडायचो.

तिचा नवरा भगवानराव एस.टी.त कंडक्टर. गाडी परभणी डेपोची, कधी पाथरीकडं, कधी पूर्णेकडं. ड्यूटीवरून आले की खांद्यावरची कातडी पिशवी खुंटीला अडकवायचे, पायातले बूट काढायचे आणि 'सुला, चहा' एवढंच म्हणायचे. मग माझं झाकण निघायचं. इतरांच्या कपाला सपाट चमचा आणि त्यांच्या कपाला शिगोशीग, वर आणखी चिमूटभर. बुद्धपौर्णिमेला खिरीचं मोठं पातेलं चढलं की मी तळापर्यंत रिकामा व्हायचो आणि पुन्हा भरला जायचो. जयंतीला घर माणसांनी भरायचं, चहावर चहा व्हायचा, आणि लोक म्हणायचे, 'सुलाबाई, चहा फक्कड झाला.' कुणी म्हणायचं, दूध घट्ट आहे. कुणी म्हणायचं, पत्ती चांगली आहे. माझं नाव एकानंही घेतलं नाही. मी तेव्हापासूनच जळतो, ही खोड माझी जुनीच आहे.

पण भगवानरावांवर माझा जीव होता. त्यांची याददाश्त सगळ्या डेपोत नावाजलेली. कोण कुठं चढला, कुणाला कुठं उतरायचं, कुणाच्या पोराला ताप आला होता, सगळं डोक्यात. पेडगावचा माणूस गाडीत झोपला तर पेडगाव आल्यावर ते स्वतः जाऊन खांदा हलवायचे. झोपेतून उठवून विचारलं तरी परभणीपासून पाथरीपर्यंतचे थांबे ओळीनं सांगतील, असं लोक म्हणायचे. घरी आले की चहा पिता पिता दिवसभराच्या उतारूंच्या गमती सांगायचे. सुलाबाई हसून हसून पदर तोंडाला लावायची. मी फळीवरून ऐकायचो. ते दिवस चांगले होते.

आजार आला तो चोरपावलानं. आधी भगवानरावांना तहान फार लागायला लागली. मग बुटानं घासून पायाला जखम झाली आणि ती भरेचना. अंग उतरलं, पट्टा आतल्या छिद्रावर आला. शेवटी मुलगा सिद्धोधन त्यांना परभणीला दवाखान्यात घेऊन गेला. संध्याकाळी परत आले तेव्हा सुलाबाई दारातच उभी होती. तिनं विचारलं, काय झालं म्हणाले डॉक्टर. सिद्धोधन म्हणाला, "बाबाला साखर झाली."

मित्रांनो, आपल्याकडं त्या रोगाला असंच म्हणतात. ताप आला, खोकला झाला, तशी साखर झाली. पण ते ऐकल्याबरोबर घरातले सगळे माझ्याकडं बघायला लागले, जणू मीच रात्री उठून त्यांच्या रक्तात जाऊन बसलो होतो. माझी काय चूक? मला भरणारे तुम्ही, उघडणारे तुम्ही, शीग लावणारेही तुम्हीच.

डॉक्टरांनी खरं तर पुष्कळ सांगितलं होतं. गोड बंद करा, रोज चाला, तंबाखू सोडा, रक्तदाब वाढलेला आहे तेव्हा मीठ कमी करा, गोळ्या चुकवू नका, काळजाची तपासणी करून घ्या. त्यातलं घरात पोचलं एकच, साखर बंद. सुलाबाई मोठी जिद्दीची बाई. तिनं त्याच वेळी माझं झाकण काढलं आणि होती नव्हती तेवढी साखर शेजारच्या बायनाबाईच्या भांड्यात ओतून दिली.

ही बायनाबाई म्हणजे पलीकडच्या घरची. त्यांची थोडी बागायत, ऊसही असायचा. तिच्या मालकालाही साखर झालेली. साखर घेऊन ती गेली आणि थोड्या वेळानं परत आली ती हातात गुळाची ढेप घेऊन. चुलीपुढं बसली आणि म्हणाली, "साखर बंद म्हनले ना डाक्टर? मंग गूळ चालतो की. गुळात साखर कुठं राह्यती बाई? आमचे मालक गुळाचाच चा पेत्यात. काही होत न्हाई. उलट औषधी असतो."

सुलाबाईचा चेहरा उजळला. नवऱ्याला फिका चहा कसा द्यायचा या फिकिरीत ती होती आणि वाट आपण होऊन दारात आली होती. तिनं माळ्यावरून लोणच्याची जुनी चिनी मातीची बरणी काढली, धुतली, ढेप फोडून तिच्यात भरली आणि बरणी ठेवली कुठं, तर चुलीशेजारच्या फळीवर. माझ्या जागेवर. मला उचलून वर, पाहुण्यांच्या ताटांच्या रांगेत नेऊन बसवलं. एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण कुणीतरी तिला सांगितलं की मेथी आणि कारलं साखरेवर चांगलं. झालं! तिनं मेथ्या आणि वाळलेली कारली कुटली आणि ती कडू जहर पूड माझ्या पोटात भरली. ज्याच्या अंगावर मंगल भेट लिहिलंय त्याच्या पोटात कारलं. सांगा, मी जळू नको तर काय करू?

त्या बरणीचा थाट तुम्हाला काय सांगू. सकाळी तिचं फडकं सुटायचं, दुपारी सुटायचं, चार वाजता सुटायचं. सुलाबाईचा हात न बघता तिच्याकडं जायचा. आणि गूळ चालतो म्हटल्यावर हात आखडता कोण घेणार? माझ्या वेळी एक चमचा पडायचा, तिथं आता लिंबाएवढा खडा पडू लागला. वर जेवणानंतर शेंगदाणे आणि गूळ, कारण अशक्तपणा आलाय. भगवानराव पाहुण्यांना सांगायचे, आपण साखर एकदम सोडली. पाहुणे म्हणायचे, वा. वरून मी ऐकायचो आणि माझं झाकण नुसतं थडथडायचं.

अहो, गूळ आणि साखर म्हणजे एकाच उसाच्या पोटची लेकरं. आमचं भांडण भावकीतलं आहे. गूळ रंगानं सावळा, बोलायला गावरान, म्हणून तो घरचा आणि औषधी. साखर पांढरी, कारखान्यात राहून आलेली, म्हणून ती वैरीण. रक्तात उतरल्यावर दोघांचा गुण एकच. हे मला वरून दिसत होतं, पण डब्याचं ऐकतं कोण?

वर्षं गेली. भगवानराव निवृत्त झाले. पडवीत खुर्ची टाकून बसायचे ते बसायचेच. चालायला जा म्हटलं की म्हणायचे, जन्मभर गाडीत उभा राहिलो, आता बसू द्या की. बाजारला जायचं तर सिद्धोधन मोटारसायकलवर नेऊन सोडायचा. तंबाखूची डबी खिशातच होती. गोळ्या कधी घेतल्या, कधी राहिल्या. एकदा छातीत दाबल्यासारखं झालं, पण ते पित्तावर गेलं.

मग हळूहळू दुसरंच काही सुरू झालं. आधी नावं निसटायला लागली. बायनाबाईच्या मालकाला, ज्याच्याबरोबर उभा जन्म गेला, त्याला 'अवो पाव्हणे' म्हणायला लागले. चहा पिऊन झाला की पुन्हा म्हणायचे, 'सुला, चहा.' ती म्हणायची, आत्ताच दिला की. ते म्हणायचे, 'व्हय का?' आणि कसंनुसं हसायचे. सुलाबाई पुन्हा बरणी उघडायची, कारण तिला त्यांचं ते हसणं बघवायचं नाही. तो दुसरा कपही गुळाचाच असायचा.

एक दिवस ते परभणीहून एस.टी.नं एकटे निघाले. संध्याकाळ झाली तरी घरी आले नाहीत. शेवटी कुणाचा तरी फोन आला. ते भलत्याच फाट्यावर उतरले होते आणि तिथं दगडावर बसून राहिले होते. सिद्धोधन गाडी घेऊन गेला आणि त्यांना घेऊन आला. ज्यांनी जन्मभर झोपलेल्या माणसाला त्याच्या थांब्यावर उठवलं, त्यांना स्वतःचा थांबा ओळखू आला नाही. घरात येऊन ते भिंतीकडं तोंड करून बसले आणि लहान पोरासारखे रडले. त्या दिवशी मी जळणं विसरलो होतो.

मग सिद्धोधन आणि त्याची बायको धम्मशीला, दोघं त्यांना घेऊन परभणीच्या मोठ्या डॉक्टरीणबाईकडं गेली. धम्मशीला पूर्णेला नोकरीला आहे. बोलायला शांत, पण ऐकलेलं सोडत नाही. सुलाबाईही सोबत गेली होती. तिथं काय झालं ते घरी आल्यावर धम्मशीलेनं चुलीपुढं बसून सांगितलं, ते मी तुम्हाला सांगतो.

तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी रक्ताची तपासणी फार वाईट आली होती. रक्तदाब वाढलेला, रक्तातली चरबी वाढलेली, काळजाचं दुखणं सुरू झालेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर, रक्तदाब आणि तंबाखू, तिन्ही मिळून बारीक रक्तवाहिन्या खराब करतात. काळजाच्या होतात तशा मेंदूच्याही होतात. काळजासाठी जे चांगलं तेच डोक्यासाठी चांगलं. जे गेलं ते सगळं परत येईल असं नाही, पण जे उरलंय ते राखता येईल. मग त्यांनी विचारलं, गोड काय काय खाता? सुलाबाई ताठ मानेनं म्हणाली, साखरेचा दाणा घरात येत नाही. चहा कशाचा पिता? गुळाचा. किती वेळा? सुलाबाईनं तेही सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला आणि म्हणाल्या, गूळ म्हणजेही साखरच.

धम्मशीला हे सांगत होती आणि सुलाबाई खाली मान घालून लसूण सोलत होती. तिच्या डोळ्यातून पाणी गळत होतं. मला वाईट वाटायला हवं होतं ना? पण खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या होत्या. सापडला चोर! आता निघेल ती बरणी, मला वाटलं. कुठली निघते. घरातल्या बाकीच्यांच्या चहाला गूळ लागतोच, म्हणून बरणी होती तिथंच राहिली. फक्त भगवानरावांच्या कपात तिच्यातलं काही पडेनासं झालं. आणि मी? मी वरच, पोटात कारलं घेऊन.

घर मात्र या वेळी खरंच कामाला लागलं. गोळ्या बदलल्या. जेवणाआधी घ्यायची एक नवी गोळी आली, जरा जोरकस. भगवानरावांनी तंबाखू सोडली. सुलाबाई रोज संध्याकाळी त्यांना हाताला धरून फाट्यापर्यंत चालायला न्यायला लागली. धम्मशीलेनं बोटाला टोचून साखर बघायचं मशीन आणलं आणि ते कसं वापरायचं ते सासूला शिकवलं. माझ्या नशिबी अजून एक वैरी आला. सकाळ झाली की सगळे त्या बोटभर मशीनभोवती जमायचे, जसे पूर्वी चहाला जमायचे. सिद्धोधन अंघोळीतून ओरडून विचारायचा, 'कमी आली का?' सुलाबाई म्हणायची, 'आली, कालच्यापेक्षा कमी.' मग घर खूश. त्या घरात 'कमी' हा शब्द म्हणजे पेढ्यासारखा झाला होता.

फरकही दिसला. भगवानरावांचा चेहरा भरला. चहा घेतल्याचं त्यांच्या ध्यानात राहायला लागलं. बायनाबाईच्या मालकाला एके दिवशी त्यांनी नावानं हाक मारली तेव्हा तो बिचारा दारातच थांबला. डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट आणखी सांगितली होती, की साखर फार उतरली तर तेही धोक्याचं, तेव्हा गोड द्यायचं. धम्मशीलेनं ते घरी सांगितलं होतं. पण साखर उतरावी म्हणून जिनं एवढा जीव काढला, तिच्या कानात 'फार उतरली' हे शिरावं कसं?

तो सोमवार होता. सिद्धोधन आणि धम्मशीला पूर्णेला कामावर गेलेली. सुलाबाई भाजी आणायला बाजारात गेली. जाताना तिनं भगवानरावांना गोळी दिली आणि ताट वाढून झाकून ठेवलं. ती गेल्यावर ते उठून आत आले. फळीवरची गोळ्यांची पट्टी त्यांना दिसली. गोळी घेतल्याचं ते विसरले होते, म्हणून त्यांनी आणखी एक काढून घेतली. मग ताटाकडं न बघताच पलीकडच्या खोलीत, मला उघड्या दारातून दिसणाऱ्या खाटेवर जाऊन पडले. मी वरून सगळं पाहिलं. अहो, जेवा, जेवा, असं मी ओरडत होतो, पण डब्याच्या ओरडण्याला आवाज नसतो.

सुलाबाई आली तेव्हा ते खाटेवर बसलेले होते. सदरा घामानं भिजलेला, हात थरथरत होते. समोरच्या भिंतीला ते म्हणत होते, "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा हाय." सुलाबाईला वाटलं, डोकं पुन्हा बिघडलं. तिनं पिशवी खाली टाकली, त्यांच्याजवळ गेली, पदरानं घाम पुसला. त्यांनी तिच्याकडं बघितलं. ओळख नव्हती. कंडक्टर उतारूला विचारतो तसं त्यांनी तिला विचारलं, "कुठं जायचं बाई?"

 सुलाबाईनं मशीन काढलं. साखर लय वाढली असणार, म्हणूनच हे असं, असं काहीतरी ती पुटपुटत होती. बोटाला टोचलं, थेंब लावला. आकडा आला अठ्ठेचाळीस. तिनं डोळे पुसून पुन्हा बघितलं. अठ्ठेचाळीसच. इतकी कमी या घरात कधी आलीच नव्हती. आणि मित्रांनो, ती बाई त्या घामाघूम माणसाशेजारी बसून हसली. तिला वाटलं, देह तरी सुधारला, डोक्याचं बघू पुढं. तिनं सुनेला फोन लावला तो आनंदाची बातमी सांगायला.

"धम्मशीला, साखर लय कमी आली बग. अठ्ठेचाळीस."

पलीकडून काय ऐकू येत होतं ते मला नीट आठवतं, कारण सुलाबाई फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवते. धम्मशीला सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणते. तिनं विचारलं, मामा कसे आहेत? घाम आलाय का? बोलतात का? सुलाबाईनं सांगितलं तसा तिचा आवाज बदलला.

"आत्या, ऐका. साखर द्या त्यांना. आत्ताच्या आत्ता."

"साखर? याड लागलं का तुला? इतक्या मुश्किलीनं उतरलीय."

"आत्या, उतरली न्हाई, संपलीय. मामाचा जीव जाईल. पाण्यात कालवून घोट घोट पाजा. ते गिळायलेत ना, तेवढं बघत राहा. मी फोन ठेवत न्हाई."

सुलाबाई उठली. ती विचार करायच्या पलीकडं गेली होती. साखर म्हटल्यावर तिचा हात वर गेला, पाहुण्यांच्या ताटांच्या रांगेत, आणि त्यानं मला धरलं. इतकी वर्षं मी ज्या हाताची वाट बघितली, तो हात आला. तिनं झाकण काढलं, न बघता चमचा भरला, पाण्यात ढवळला आणि पेला त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं करून थुंकला. मेथी आणि कारलं!

मला तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. साऱ्या जन्मात त्या घराला माझी गरज पडली ती एकदाच, आणि त्या वेळी माझ्या पोटात कडू पूड होती. सुलाबाईनं मला फेकलं. हा पोचा तेव्हाचाच. भिंतीवर आपटून मी खाली पडलो, पूड सांडली, आणि जमिनीवरून आडवा पडल्या पडल्या मी बघितलं की ती चुलीशेजारच्या फळीकडं धावली. बरणीचं फडकं तिनं दातानं सोडलं. गुळाचा खडा वरवंट्यानं फोडला, कोमट पाण्यात विरघळवला, आणि त्यांची मान धरून घोट घोट पाजायला लागली. पलीकडून धम्मशीला विचारत होती, गिळतात का, गिळतात का. ही म्हणत होती, गिळायलेत, गिळायलेत.

मी बघत होतो. ज्या बरणीचा मी इतका राग केला तिच्यातला गूळ त्या पेल्यात विरघळत होता, आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, लवकर विरघळ, मेल्या, लवकर. जळतही होतो आणि त्याच्या पायाही पडत होतो. असं कधी तुम्हाला झालंय का?

बराच वेळ गेला असं मला वाटलं. घाम थांबला. हातांची थरथर कमी झाली. भगवानरावांनी डोळे मिटले, उघडले, पेल्यात बघितलं आणि हळूच म्हणाले, "सुला, पाणी गोड कामून लागायलंय?"

सुला! तिनं फोन तसाच मांडीवर टाकला आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मोकळी रडली. मग उठून झाकलेलं ताट आणलं आणि भाकरीचा एकेक घास करून त्यांना भरवला. मशीनवर पुन्हा बघितलं तेव्हा आकडा वर चढला होता. सिद्धोधन गाडी घेऊन आला, त्यांना परभणीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी ती जोरकस गोळी बंद करून दुसरी दिली आणि गोळ्या यापुढं घरच्या माणसानंच हातात द्यायच्या, पट्टी त्यांच्या हाताशी ठेवायची नाही, असं बजावलं.

आता ऐका, माझ्या नशिबाचं पुढचं. दुसऱ्या दिवशी बायनाबाई बघायला आली. सुलाबाई तिला म्हणाली, काल गुळानं वाचवलं बाई. बायनाबाईनं मान डोलावली आणि म्हणाली, मी म्हनलंच हुतं, गूळ औषधी असतो! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी जमिनीवरून उचलून ओट्यावर उपडा ठेवलेला होतो, नाहीतर मी काय केलं असतं सांगता येत नाही. बरं झालं धम्मशीला घरी होती. तिनं बायनाबाईला जवळ बसवलं आणि सांगितलं की काल साखर, गूळ, मध, सरबत, काहीही दिलं असतं तरी मामा वाचले असते. आणि रोज दिलं तर यातलं काहीही त्यांना मारेल. बायनाबाई उठून गेली. संध्याकाळी ती मालकाला घेऊन मशीनपाशी आली. त्यांचा आकडा बघून तिनं कपाळाला हात लावला. दुसऱ्याच दिवशी दोघांनी दवाखान्यासाठी परभणीची गाडी धरली.

मग धम्मशीलेनं मला हातात घेतलं. उरलीसुरली पूड झटकली, राखेनं घासलं, उन्हात वाळवलं आणि साखरेनं भरलं. मला वाटलं, आता चुलीशेजारची फळी. पण ती मला घेऊन भगवानरावांच्या खोलीत गेली आणि खाटेजवळच्या खिडकीत ठेवलं, शेजारी पेला आणि चमचा. सगळ्यांना बोलावून म्हणाली, "हा चहाला उघडायचा न्हाई. मामाला घाम सुटला, थरथर सुटली, बोलणं बिघडलं, की मशीन लावायचं. सत्तरच्या खाली असलं तर हा उघडायचा. मशीन सापडलं न्हाई तर वाट बघत बसायचं न्हाई, उघडायचाच."

मित्रांनो, माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरात आजीला, आजोबांना, कुणालाही साखर असेल तर गोडाच्या रंगावर जाऊ नका. पांढरं असो की सावळं, आम्ही एकाच घरचे. त्यांना हाताला धरून चालायला न्या. त्यांच्या गोळ्या त्यांच्या विसरण्यावर सोडू नका. ते काही विसरले तर 'म्हातारपण आहे' म्हणून हसू नका, डॉक्टरला दाखवा. आणि साखर कमी आली असं कुणी आनंदानं सांगितलं, तर आधी विचारा, किती.

बरणी अजून चुलीशेजारीच आहे. तिचं फडकं सुटल्याचा वास या खोलीपर्यंत येतो, आणि मी जळतो. जळणं काही माझ्यानं सुटत नाही. ती रोज उघडते आणि मी भरलेला असून बंद. पण सकाळी भगवानराव उठतात, खिडकीतून उजेड माझ्यावर पडलेला असतो, ते आत बघून 'सुला' अशी नावानं हाक मारतात, आणि मी मनातल्या मनात एवढंच मागतो की आजही मला कुणी उघडू नये.